रिंगाण : मागं राहिलेल्या म्हशीचं पुढं काय झालं?

तळ्याकाठची

कृष्णात खोत माझे फार आवडते लेखक. 'गावठाण' वाचली तेव्हापासून त्यांचं नवं पुस्तक आलं की घेतेच. 'रौंदाळा', 'झड-झिंबड', 'धूळमाती' सगळी घरात आहेत. 'रिंगाण'सुद्धा २०१८ मध्ये आली तेव्हाच घेतली होती, पण उघडली नाही. धरणामुळं उठलेलं गाव, आणि मागं राहिलेल्या म्हशीला शोधायला परत जंगलात जाणारा देवाप्पा, एवढं कळलं आणि पुस्तक कपाटात गेलं. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला, ज्याच्या त्याच्या तोंडी ती होती, तरी माझा हात जाईना.

कारण आमच्या घरातही अशी एक म्हैस आहे. म्हणजे होती.

माझं आजोळ सह्याद्रीच्या अगदी कडेला. भात, नाचणी, वरी पिकवणारी माणसं. ८४ सालच्या वैशाखात गाव उठलं आणि हातकणंगल्याकडच्या एका वसाहतीत आलं. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. पण त्या दिवसाची गोष्ट इतक्यांदा ऐकली आहे की डोळ्यांपुढं उभी राहते. कौलं उतरवून ट्रकमध्ये रचली होती. खांब आणि तुळया काढताना आजोबांनी प्रत्येकीवर कोळशानं खुणा केल्या, तिकडं तशाच जोडता याव्यात म्हणून. जातं घेतलं, पाटा घेतला. उखळ जमिनीत पुरलेलं होतं, ते राहिलं. शेवटी म्हैस. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून नाव चांदी. पाच महिन्यांची गाभण. ट्रकच्या फाळक्याला फळ्या लावल्या, पेंड दाखवली, दोघांनी ओढली, दोघांनी मागून रेटली. फळीवर पुढचा एक पाय टाकायची आणि मागं सरायची. तिसऱ्यांदा फळी सरकली आणि ती गुडघ्यावर पडली. ड्रायव्हर घाई करत होता. आजोबांनी तिच्या गळ्यातलं दावं सोडलं, पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "ऱ्हा हितंच."

ते दावं आजीनं वसाहतीतल्या घरात चुलीवरच्या खुंटीला टांगलं होतं. धुरानं काळं झालेलं मी स्वतः पाहिलंय. लहानपणी एकदा मी ते उड्या मारायला काढलं, तर जन्मात कधी अंगाला बोट न लावलेल्या आजीनं मला फटका दिला.

यंदा उन्हाळ्यात मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडं आला. पंधरा दिवस डोळ्यांना ताण नको. दिवसभर बसून करायचं काय? एका रात्री मी विचारलं, "एक पुस्तक हाय, म्हशीचं. वाचून दाखवू?" तो म्हणाला, "म्हशीचं बी पुस्तक असतंय व्हय?"

अकरा रात्री लागल्या. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी गोष्ट फोडत नाही, पण एक सांगायलाच हवं. धरणग्रस्तांवरचं लेखन म्हटलं की माझ्या मनात आधी हिशेब येतो. किती गावं गेली, किती एकर गेलं, कुणाला किती पैसे मिळाले, कुणाला अजून सातबारा नाही. तो हिशेब मांडायलाच हवा. पण त्यात जनावर कधी धरलेलं नसतं, किंवा धरलं तर भरपाईच्या कागदावर एक आकडा म्हणून. खोत त्या आकड्यातली एक म्हैस उचलतात आणि सगळी कादंबरी तिच्या वाटेवर नेऊन ठेवतात. घरी तीस-पस्तीस वर्षं एकच गोष्ट ऐकली, "चांदी ट्रकात चढली न्हाई." पुढचं वाक्य कुणी कधी बोललं नाही. ट्रक गेल्यावर ती काय करत होती? रात्री कुठं बसली? पहिला पाऊस पडला तेव्हा? हे प्रश्न मला पडलेच नव्हते, आणि 'रिंगाण' वाचताना ते न पडल्याची लाज वाटली.

देवाप्पा जिला शोधतोय ती म्हैस आता माणसाच्या हाताखालची राहिलेली नाही, रानाची झाली आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. आपल्या मनात, मागं सोडलेलं सगळं तसंच आपली वाट बघत थांबलेलं असतं. खोत ती सोय ठेवत नाहीत. आपण नसलो तरी तिथलं जगणं पुढं जातं, आणि त्यात आपल्याला जागा उरलेली नसते.

मामा मध्येच थांबवायचा. "हे बराबर." "हे वास घ्यायचं बराबर लिवलंय. म्हस डोळ्यानं न्हाई वळकत, वासानं वळकत्या." एके ठिकाणी म्हणाला, "ह्यो मानूस गुरांमागं हिंडल्याला हाय." लेखक पन्हाळा तालुक्यातले, असं सांगितलं तर म्हणाला, "मग झालं की."

वाचून महिना झाला. मनातून जात नाही म्हणून इथं लिहिते आहे. इतरांना कशी वाटली?

पानगळ

ताई, लिहिलेलं मनापासून आवडलं, पण एका बाबतीत मतभेद आहे. 'रिंगाण'ला धरणग्रस्तांची कादंबरी म्हटलं की ती लहान होते असं मला वाटतं. त्या विषयावर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे, १९९१ ची. तिच्यात कचेऱ्या, पुढारी, कागद, फसवणूक हे सगळं थेट आणि सविस्तर येतं, आणि ते तसंच यायला हवं होतं. खोतांना ते पुन्हा करायचं नाही. धरण होऊन गेलंय, भांडण होऊन गेलंय. त्यानंतर उरलेला एक माणूस आणि एक जनावर. दोघं एकमेकांसमोर येतात तेव्हा मालक कोण, हा प्रश्न आहे. माणसानं जनावर पाळलं तेव्हापासूनचा हा प्रश्न, धरण हे फक्त निमित्त.

माझ्यासाठी या कादंबरीचं सगळं बळ जंगलात आहे. पाऊलवाट बुजते म्हणजे काय, हे मला शहरात वाढलेल्या माणसाला पहिल्यांदा कळलं. वाट ही चालणाऱ्यानं रोज नव्यानं करायची असते, चार पावसाळे कुणी गेलं नाही की ती उरत नाही. कादंबरी संपल्यावर मी दुसऱ्या दिवशी टेकडीवर फिरायला गेलो तेव्हा पहिल्यांदा पायाखाली बघून चाललो.

तळ्याकाठची

पानगळ, "फक्त निमित्त" हे मला मान्य करता येत नाही. ती म्हैस रानात आपणहून गेलेली नाही, तिला मागं ठेवलं गेलं. ते ठेवणाऱ्यांनाही कुणीतरी उठवलं. हे काढून टाकलं तर माणूस आणि जनावर यांच्यातली ती ओढाताण कुठल्याही काळातली, कुठल्याही गावातली होईल. खोत कुठल्याही गावाचे लेखक नाहीत. 'झड-झिंबड'मधला पाऊस आठवा. तो आमच्याच भागातला पाऊस आहे, भिंतीला ओल धरवणारा, सरपण भिजवणारा, माणसाला दिवसचे दिवस घरात कोंडून घालणारा. त्यांच्याकडं निसर्ग मोघम कधी येत नाही.

पण पाऊलवाटेचं तुम्ही म्हणता ते अगदी खरं. ते वाचताना मामानंही मान हलवली होती.

काळीमाती

मी दुसऱ्या बाजूची. ज्या गावांच्या शिवारात धरणग्रस्तांना जमिनी दिल्या, त्यातल्या एका गावची लेक. आमच्या आजोबांची जमीन स्लॅबखाली गेली, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्तीची म्हणून सरकारनं धरणग्रस्तांसाठी घेतली. त्यामुळं लहानपणी आमच्या घरात "धरणग्रस्त" हा शब्द शिवीसारखा वापरला जायचा. हे लिहितानाही जड वाटतंय.

चौथीत माझ्या शेजारी वसाहतीतली एक मुलगी बसायची. तिच्या डब्यात नाचणीची भाकरी असायची, काळसर. पोरं तिला चिडवायची. मी चिडवलं नाही, पण चिडवणाऱ्यांना थांबवलंही नाही. 'रिंगाण' वाचून झाल्यावर मला आधी ती आठवली. नाव आठवतं, चेहरा आठवत नाही.

त्या लोकांकडं आल्या आल्या जनावरं फार कमी होती, आणि आम्हाला वाटायचं ह्यांना गुरं राखायचा कंटाळा आहे. आता कळतं. डोंगरात गुरं मोकळी चरायची, सकाळी सोडायची, संध्याकाळी आपली आपण घरी यायची. आमच्याकडं एक बांध मोकळा नाही. वैरण विकत, नाहीतर उसाचं वाडं, म्हणजे शेंड्याकडचा हिरवा पाला. शेजारच्या म्हातारीनं एक म्हैस आणली होती डोंगराकडून, तर ती वाड्याला तोंड लावायची नाही. म्हातारी वाड्याची पात विळीवर बारीक चिरायची, त्यावर मिठाचं पाणी शिंपडायची आणि हातानं भरवायची. लेकराला भरवतात तसं, पुढ्यात बसून. मी दारातून बघत उभी राहायची. दोन महिने चाललं होतं ते.

त्या जमिनींचं पुढं काय झालं तेही सांगते. आमच्या भागात पाणी जास्त झालं, शेतं क्षारपड झाली. मिळालेल्या जमिनीतल्या कितीतरी तुकड्यांवर आज पांढरा थर आहे. दोन्हीकडचे हरले. माझे आजोबा हे मान्य न करताच गेले.

वऱ्हाडी_वाचक

धाग्याबद्दल आभार. मी अकोल्याचा. पुरस्कारानंतर 'रिंगाण' मागवली, तीसेक पानं वाचली आणि ठेवून दिली. बोली माझ्या जिभेवर बसेना. आमची वऱ्हाडी वेगळी, ही वेगळी. शब्द कळतात, पण वाक्य कुठं वळणार ते कळत नाही. लेखकाला दोष देत नाही, त्यांनी त्यांच्या भाषेतच लिहायला हवं. पण माझ्यासारख्यानं करावं काय? मनापासून वाचायची आहे.

तळ्याकाठची

भाऊ, मोठ्यानं वाचा. खरंच सांगते. मी स्वतः त्याच भागातली असून पहिली काही पानं मनात वाचताना अडखळले होते, कारण शाळेनं डोळ्यांना प्रमाण मराठीची सवय लावली. मामासाठी मोठ्यानं वाचायला लागले आणि दुसऱ्या रात्रीपासून वाक्यं आपोआप वळायला लागली. ही भाषा कानासाठी आहे. श्वास कुठं घ्यायचा ते ती स्वतः सांगते. घाई मात्र करू नका, रोज दहा-बारा पानंच. एखादा शब्द अडला तर इथं विचारा, आम्ही सगळे आहोत.

गुरांचा_डॉक्टर

पशुवैद्यक म्हणून थोडं लिहितो. पाळीव म्हैस रानात राहील का, असं एकानं मला ही कादंबरी वाचून विचारलं होतं. राहते. म्हशीला गाईपेक्षा घामाच्या ग्रंथी कमी, कातडी काळी, त्यामुळं उन्हात तिला डुंबायला पाणी किंवा चिखल लागतो. पाणी, सावली आणि चारा असला की ती तग धरते. गवत जाडंभरडं असलं तरी पचवते. गव्यांच्या मुलखात राहिली तरी गवे तिला आपल्यात घेत नाहीत, आणि गवा-म्हैस असा संकरही होत नाही. ती एकटीच असते.

एक मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरचं. इंग्रजांनी तिथल्या आपल्या वस्त्यांवर खाण्यासाठी आणि कामासाठी म्हशी नेल्या. वस्त्या टिकल्या नाहीत, पोर्ट एसिंग्टनची वस्ती १८४९ मध्ये सोडून दिली. माणसं जहाजात बसून गेली, म्हशी तिथंच राहिल्या. पुढं त्या इतक्या वाढल्या की तिथल्या पाणथळ जागांना त्यांच्यापासून वाचवायची वेळ आली. म्हणजे मागं ठेवलेली म्हैस मरतेच असं नाही. तिची पुढची पिढी माणसाचा हात न लागता वाढते, आणि मग ती पाळीव राहत नाही. खोतांनी हे पुस्तकात वाचून लिहिलं असेल असं मला वाटत नाही, त्यांनी गुरांकडं बघून लिहिलंय, आणि ते शास्त्राला धरून आहे.

ताई, तुमच्या चांदीबद्दल एक विचारू? वैशाखात पाच महिन्यांची गाभण होती म्हणता. म्हशीचा गाभणकाळ दहा महिने दहा दिवस धरतात. म्हणजे ती आश्विनात व्यायली असणार. म्हशी पावसाळा सरताना व्यायल्या तर रेडकाला चारा-पाणी, गारवा, सगळंच बरं असतं. त्या वर्षी कुणी परत जाऊन बघितलं होतं का?

सांगे

मी गोव्यातला. आमच्याकडे साळावली धरणात कुर्डी गाव गेलं, गानतपस्विनी मोगुबाई कुर्डीकरांचं गाव. माझ्या सासऱ्यांचं घर तिथंच होतं. पण आमचं नशीब जरा वेगळं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की मे महिन्यात गाव वर येतं. वर येतं म्हणजे घरांचे चौथरे, विहिरी, तुळशीवृंदावनांचे दगड, सोमेश्वराचं देऊळ. त्या दिवसांत सगळे जमतात. हिंदू देवळात उत्सव करतात, ख्रिस्ती लोक आपल्या कपेलाचं फेस्त करतात. मग पाऊस येतो आणि गाव पुन्हा खाली जातं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सासरे चौथऱ्यावर उभे राहून मला घर दाखवत होते. "ही ओसरी. हे देवघर. इथे गोठा." तिथं नुसता भेगाळलेला चिखल होता. पण गोठा म्हणताना ते एक पाऊल बाजूला सरले, दाव्यात पाय अडकू नये म्हणून. चाळीस वर्षांपूर्वीच्या दाव्यात. मी 'रिंगाण' त्या एका पावलासाठी वाचली असं म्हटलं तरी चालेल. दरवर्षी परत जाता येणं हे बरं की वाईट, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. सासरे प्रत्येक मे महिन्यानंतर आठवडाभर कोणाशी बोलत नसत.

पानगळ

सांगे, तुमचं वाचून मी वरचा माझा प्रतिसाद पुन्हा वाचला. "निमित्त" हा शब्द मागं घेतो.

एक विचारायचं होतं, शीर्षकाबद्दल. मी रिंगाण म्हणजे वारीतलं रिंगण असं धरून वाचलं. बेलवाडीला तुकोबांच्या पालखीपुढं अश्व धावतो, ते मी पाहिलंय. देवाप्पाचं शोधणंही मला तसंच गोल गोल वाटत राहिलं. पण वारीतलं रिंगण आनंदाचं असतं, इथं तसं नाही. तुमच्या भागात हा शब्द आणखी कशाला वापरतात?

तळ्याकाठची

पानगळ आणि डॉक्टर, तुमचे दोन्ही प्रश्न घेऊन काल मामाला फोन केला. दोन्हींचं उत्तर एकच निघेल असं वाटलं नव्हतं. जमेल तसं लिहिते.

आधी शब्दाचं विचारलं. तो म्हणाला, खळ्यात तिवड्याभोवती, म्हणजे मधल्या खांबाभोवती, बैल फिरतात ते रिंगाण. आणि मग म्हणाला, "म्हस खुंट्याला बांधली की फिरून फिरून दाव्याच्या लांबीएवढी जागा तुडवत्या. गुळगुळीत गोल हुतं. शेणामुतानं काळं. ते बी रिंगाणच. गोठ्यात जेवढी म्हसरं तेवढी रिंगाणं."

मग मी डॉक्टरांचा प्रश्न विचारला, परत कुणी गेलं होतं का. फोनवर बराच वेळ काही नाही. मला वाटलं रेंज गेली.

मामा गेला होता. त्याच वर्षी, मार्गशीर्षात, घरात कुणाला न सांगता. तेव्हा तो तेवीस वर्षांचा. एसटीनं जिथवर जाता आलं तिथवर गेला, पुढं चालत. गाव अजून पूर्ण पाण्याखाली गेलं नव्हतं, आमचं घर वरच्या अंगाला होतं. भिंती पावसानं बसल्या होत्या, छप्पर तर आम्हीच उतरवून नेलेलं. गोठ्याच्या जागी हातभर गवत. आणि त्या गवतात एक गोल मोकळा होता, तुडवलेला, त्यात त्या दिवसाचं शेण.

"खुंटा आमीच उपटून आणल्याला," मामा म्हणाला. "दावं हिकडं चुलीवर. तरी रिंगाण ताजं. सगळा पावसाळा ती रोज रात्री तितंच येऊन बसत हुती. बांधल्यागत. त्या गोलाच्या भायेर एक पाऊल न्हाई."

खाली ओढ्याच्या चिखलात तिचे खूर दिसले. शेजारी लहान खूर. डॉक्टर, तुमचा हिशेब बरोबर निघाला. पलीकडच्या काठावर ती उभी होती, रेडकू तिच्या पोटाखाली. मामानं तिला घरी घालायचे तशी हाळी घातली. तिनं मान वर केली, कान पुढं केले. वारा मामाकडून तिच्याकडं होता, म्हणजे वास तिला नक्की गेला असणार. तो पाण्यात उतरला तशी ती रेडकाला पुढं घालून मागं वळली आणि कारवीत शिरली. पळाली नाही. चालत गेली.

संध्याकाळपर्यंत तो तिथं बसला. रात्री गोठ्याच्या भिंतीला टेकून झोपला. ती आली नाही. "माज्यामुळं आली न्हाई," तो म्हणाला. "मी तिची जागा आडवली त्या रात्री." पहाटे उठून निघाला.

घरी येऊन आजीला सांगितलं की चांदी धनगरवाड्यावर आहे, धनगरानं सांभाळली आहे, दूध देते. आजी त्यानंतर दर दिवाळीला म्हणायची, धनगराला एक लुगडं न्यायला पाहिजे, आपलं जनावर राखलंय त्यानं. एका वर्षी तिनं खरंच लुगडं आणून मामाच्या हातात दिलं. त्याचं त्यानं काय केलं ते मी विचारलं नाही.

चाळीस वर्षांत हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, मग मी अकरा रात्री वाचत होते तेव्हा का नाही बोललास? तर म्हणाला, "मधीच बोलून कसं चालंल? त्या देवाप्पाचं काय हुतंय ते बगायचं हुतं."

आजी २००९ मध्ये गेली. दावं आता आईकडं आहे. आईला मी यातलं काही सांगितलेलं नाही. शनिवारी मामा डोळा दाखवायला येतोय, तोच सांगेल.

त्याला पुढं 'झड-झिंबड' ऐकायची आहे. माझी प्रत पुन्हा कुणीतरी नेली आहे. काळीमाती, तुम्ही आमच्या बाजूच्याच, तुमच्याकडं असेल तर शनिवारपर्यंत मिळेल का? आणि त्या चौथीतल्या मुलीचं नाव मला निरोपातून कळवा. वसाहतीत विचारून बघते.